ऊची शेपटी

माझ्या नातीचं नाव चुकलेलं आहे, हे मी तिच्या बारशालाच सांगितलं होतं. पाळण्याच्या वर थर्माकोलची अक्षरं लावली होती, 'उर्मी'. पहिला उ ऱ्हस्व. मी जावयाला बाजूला घेतलं नि म्हटलं, अहो, ऊर्मी म्हणजे लाट, तिच्यातला ऊ दीर्घ असतो, दाखल्यावर नाव जायच्या आत काय ते बघा. जावई बिचारा माझ्याकडे आणि माझ्या मुलीकडे आळीपाळीनं बघत राहिला. सुनेत्रा, म्हणजे माझी मुलगी, घुगऱ्यांचं ताट घेऊन शेजारूनच चालली होती. तिनं ऐकलं आणि ताट घेऊन तशीच पुढे गेली. दाखल्यावर 'उर्मी'च गेलं.

मी भालचंद्र ओतारी. चौतीस वर्षं कोल्हापुरातल्या एका दैनिकात प्रूफं तपासली. लोक हॉटेलात गेले की पदार्थ बघतात, मी पाटीवरचं 'शुध्द शाकाहारी' बघतो आणि जेवायच्या आधीच माझं तोंड वाकडं होतं. शुद्ध हा शब्दच शुद्ध लिहिता येत नसेल तर आत भाजी काय शिजवत असतील, असं मला वाटतं. बायको होती तोवर लग्नपत्रिका माझ्यापासून लपवून ठेवायची, कारण मी त्या पेन्सिल घेऊन वाचायचो. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी मी सुनेत्राकडे जेवायला जायचो. ती ताट वाढायची, प्रकृती विचारायची, गोळ्या संपल्यात का ते बघायची. तक्रारीला कुठंच जागा नव्हती. पण पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची, आणि असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मग सानिया शिकलगार या मुलीनं मला कामावर बोलावलं. मुलगी म्हणायचं, पण कंपनीची मालकीण तीच, वय बत्तीस. राजारामपुरीत दोन खोल्या, नऊ माणसं आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक सायकल. दोन वर्षांपूर्वी शाळांनी चौथीपर्यंतच्या वर्गांतून संगणकाचे पडदे काढून टाकले होते आणि वही-पेन्सिल परत आणली होती. आणली खरी, पण पोरांना लिहिता कुठं येत होतं? सगळा जन्म बोलून टाइप करण्यात गेलेला. वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारलं की ती सरळ आढ्याकडे बघायची. सानियाला शुद्धलेखनाचा असा खेळ बनवायचा होता, जो पोरं आपणहून खेळायला मागतील. शब्दांची बाजू माझ्याकडे आली.

खेळ साधा होता. टेबलावर एक रबरी बेडूक बसायचा, त्याचं नाव शिंकोबा. तो शब्द सांगायचा आणि पोरानं तो वहीत लिहायचा. खरी करामत हातात होती. कोपराच्या जरा खाली एक पट्टा बांधायचा. आपला हात हलतो त्याआधी मेंदूकडून स्नायूंना निरोप जातो. तो निरोप म्हणजे विजेची अगदी बारीक थरथर, आणि ती कातडीवरून टिपता येते. थरथर आधी, हालचाल मागून. मधे जेमतेम सेकंदाचा दहावा भाग जातो. उ लिहून थांबायचं असेल तर बोटं सैल पडतात, त्याला शेपटी काढून ऊ करायचा असेल तर ती वळायच्या तयारीला लागतात. पोर काय लिहिणार आहे, हे पट्ट्याला पेन्सिल टेकायच्या आत कळायचं. आणि चूक होणार असं दिसलं, की शिंकोबा 'आक्छी' करून सगळं अंग हलवत शिंकायचा. पोरानं सावध व्हावं, एवढाच हेतू.

पहिल्या महिन्यात सानिया डोक्याला हात लावून माझ्याकडे आली. "काका, पोरं मुद्दाम चुकायला लागलीत," ती म्हणाली. तिनं मला चित्रण दाखवलं. दुसरीतला एक पठ्ठ्या 'पाणी' लिहिताना णीच्या जागी सारखा नि लिहायला जात होता. बेडूक शिंकला की खिदळत होता, मग शेजाऱ्याला दाखवून पुन्हा तेच. आमच्या खेळात बरोबर लिहिण्यापेक्षा चुकण्यात मजा जास्त होती. इतकी माणसं, इतकी डोकी, पण हे आधी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मीच म्हटलं, शिंक काढून टाका. आणि मीच नाही, सगळेच म्हणाले.

दुसरी आवृत्ती निघाली, तिला आम्ही आपसांत 'गुपचूप' म्हणायचो. हात चुकीकडे निघाला की पट्टा त्या स्नायूला विजेची एक बारीकशी चुणचुण द्यायचा, मुंगी चालल्याइतकी. बोट आपसूक योग्य बाजूला कलायचं. पोराला वाटायचं, आपणच लिहिलं. आता बोटानं कुठं कलायचं हे पट्ट्याला शिकवायला एक न चुकणारा हात लागतो. तो माझा होता. तीन महिने मी पट्टा बांधून रोज लिहीत बसलो. सहा हजार शब्द, प्रत्येक पंचवीस वेळा. बाकीच्या शब्दांसाठी पट्ट्यानं माझ्या हातावरून अंदाज बांधायचा. सहासष्टाव्या वर्षी माझ्या हाताला कुणी एवढा मान देईल असं मला वाटलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडला.

त्या सहा हजारांत मी एक शब्द माझ्या पदरचा घातला. 'ऊर्मी'. दुसरीच्या पोरांना या शब्दाची काही गरज नव्हती. सानियानं विचारलं तर सांगायला मी उत्तर तयार ठेवलं होतं, जोडाक्षराचा सराव म्हणून. तिनं विचारलंच नाही.

चाचणीसाठी वीस मुलं हवी होती. उर्मी आता सात वर्षांची झाली होती आणि बेडकाचं ऐकल्यापासून माझ्यामागे लागली होती. सुनेत्रा आधी नको म्हणाली, मग पोरीच्या हट्टापुढे नमली. मला रविवारशिवाय मंगळवार आणि शुक्रवारही मिळाले. उर्मी माझ्या शेजारी बसून लिहायची, जीभ बाहेर काढून. ती बडबडी आहे. बेडकाला सर्दी झाली होती ती कशानं बरी झाली, असं तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, औषधानं. कुठल्या, म्हणाली. तिच्याशी बोलताना मला घरच्यासारखं वाटायचं, आणि आतून सुनेत्रा अधूनमधून हसलेली ऐकू यायची. हे दोन वार टिकावेत, यापलीकडे मला काही नको होतं.

सहा आठवड्यांत मुलं शंभरातले सत्त्याण्णव शब्द बरोबर लिहायला लागली. पट्टा काढला तरी थोडेच कमी. सानियानं वीसही वह्या टेबलावर ओळीनं मांडल्या, आणि ऑफिसातली माणसं बघायला गोळा झाली. सगळ्यांचं अक्षर एकसारखं व्हायला लागलं होतं. माझ्या वळणाचा र, माझी पसरट शिरोरेघ. "वीस वह्या, एकच हात," कुणीतरी म्हणालं. सानियानं दोन वह्या उचलून शेजारी-शेजारी धरल्या. मी मात्र छाती फुगवून उभा होतो.

रोजच्या नोंदी तपासायचं कामही माझंच. वहीच्या वर प्रत्येक जण आपलं नाव लिहायचा. उर्मीच्या नोंदी मी सगळ्यांत आधी काढायचो. पहिला दिवस: हात निघाला 'उ'कडे, लिहिलं 'ऊ'. दुसरा दिवस तेच. असं अकरा दिवस. बाराव्या दिवशी पट्ट्यानं काहीच केलेलं नव्हतं. तिचा हात आपणहून 'ऊ'कडे निघाला होता. आता तिथं दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. मी चष्मा काढून पुसला. सात वर्षांनी का होईना, माझ्या नातीचं नाव बरोबर झालं होतं.

पुढच्या शुक्रवारी दार सुनेत्रानंच उघडलं. उर्मी शेजारी खेळायला गेली आहे, म्हणाली. मी म्हटलं, थांबतो. ती म्हणाली, थांबू नका बाबा, ती यापुढे तुमचा खेळ खेळणार नाही. आवाज चढलेला नव्हता. तिनं मला आत बसवलं आणि एकेक वस्तू समोर आणून ठेवली.

शाळेच्या सगळ्या वह्या. वरच्या लेबलांवरची छापील नावं खोडरबरानं घासून फाडलेली आणि जागोजागी 'ऊर्मी' लिहिलेलं. पहिलीत काढलेली चित्रं, त्यांच्या कोपऱ्यातल्या सहीला काळ्या स्केचपेनची शेपटी. तिच्या बाबांनी लाकडातून कापून खोलीच्या दारावर लावलेली अक्षरं होती, त्यातल्या 'उ'लासुद्धा तिनं स्टुलावर चढून शेपटी काढली होती. वर्गातल्या हजेरीपटावर नाव चुकलंय, असं बाईंना सांगून आली होती. बाईंनी दाखला दाखवला तर रडली.

"काल झोपताना मला म्हणाली, आई, तुला माझं नाव येत नव्हतं का," सुनेत्रा म्हणाली.

मी काहीतरी बोललो. मूळ शब्द दीर्घच आहे, आज ना उद्या तिला कळलंच असतं, असं काहीतरी. सुनेत्रा उठून आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद घेऊन आली. वहीतलं फाडलेलं पान, घड्यांवर जीर्ण झालेलं. ती अकरा वर्षांची असताना मी तिला साताऱ्याकडच्या एका निवासी शाळेत घातली होती. तिथून तिनं मला लिहिलेलं ते पत्र होतं. पंधरा-सोळा ओळी, आणि त्यांच्यावर माझी लाल शाई. इथली वेलांटी, तिथला अनुस्वार. पानाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'बाबा मला ईथे करमत नाही. मला घेउन जा.' मी 'ईथे'चा ई ऱ्हस्व केला होता, आणि 'घेउन'मधल्या 'उ'ला लाल शेपटी काढली होती. खाली लिहिलं होतं, अक्षर सुधारत आहे, पुढचं पत्र लक्ष देऊन लिही. आणि ते पाकिटात घालून परत तिलाच पाठवलं होतं.

पुढचं पत्र आलं नव्हतं. मला वाटलं होतं, रुळली.

सुनेत्रानं तो कागद उर्मीच्या वहीशेजारी ठेवला. "हा ऊ बघा आणि हा बघा," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं अक्षर नाही हे, तुमचं आहे. मी सत्तावीस वर्षं ओळखते त्याला."

शेपटी टोकाला गळासारखी वर वळलेली, दोन्हीकडे. असा ऊ कोल्हापुरात दुसरा कुणी काढत नाही.

"आणि मला येत होतं बाबा तिचं नाव. तुमची मुलगी आहे, मला ऊ दीर्घ आहे हे माहीत नसेल? मुद्दाम ऱ्हस्व ठेवला. एक तरी अक्षर असं असू दे म्हटलं, की ज्याला तुमचा हात लागणार नाही."

मी तिथून कसा निघालो ते आठवत नाही. रंकाळ्यापर्यंत चालत आलो आणि कठड्यावर बसलो. आयुष्यभर मी वाचत आलो असं मला वाटत होतं. ते पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा मी 'घेउन' बघितलं होतं. 'मला घेऊन जा' हे वाचलंच नव्हतं. अकरा वर्षांची पोर तिकडे रडत असेल आणि मी इकडे शाई भरत होतो. मला माझी फार लाज वाटली. बऱ्याच वेळानं सुनेत्राचं दुसरं वाक्य डोक्यात आलं. मुद्दाम ऱ्हस्व ठेवला. मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर काय ते पक्कं ठाऊक असावं लागतं.

सोमवारी मी सानियाला सगळं सांगितलं. शब्दयादीतली माझी लबाडीसुद्धा. ती चिडली नाही. मग मी म्हटलं, ती शिंकेची पोरं आठवतात का, मुद्दाम चुकणारी? त्या महिन्याच्या शेवटी सगळ्यांची पट्ट्याशिवाय घेतलेली परीक्षा काढून बघ. तिनं काढली. ज्यांनी शिंकोबाला सगळ्यांत जास्त शिंकायला लावलं होतं, तीच मुलं त्या परीक्षेत सगळ्यांच्या पुढे होती. 'पाणी' चुकवणारा तो पठ्ठ्या तर पहिला. णी कुठं येते हे नेमकं ठाऊक होतं म्हणूनच त्याला तिथं नि घालता येत होता. आम्ही ज्याला बिघाड समजून काढून टाकलं, तोच खरा खेळ होता.

"सत्त्याण्णव टक्क्यांवर पाणी सोडायचं म्हणताय," सानिया म्हणाली.

"ते सत्त्याण्णव माझे होते. पोरांचे किती, ते अजून आपल्याला ठाऊक नाही," मी म्हटलं.

ती आणखी दोन दिवस विचार करत होती, एकदोघांशी भांडली, आणि बुधवारी 'गुपचूप' बंद झालं. शिंकोबाची सर्दी परत आणायचं ठरलं. पट्टा फक्त ऐकेल, हात धरणार नाही. शिवाय खेळात एक खण आला, 'माझे शब्द'. त्यात प्रत्येक पोरानं आपलं नाव स्वतः लिहायचं, आणि बेडकानं तिथं नाक खुपसायचं नाही.

पण वीस मुलांच्या हातांत माझा ऊ बसला होता, त्याचं काय? उरलेले एकोणीस हात हळूहळू आपल्या वळणावर जातील, असं सानियाचं म्हणणं. मला विसाव्या हाताची, उर्मीच्या, काळजी होती. मी सानियाला म्हटलं, मला ऱ्हस्व 'उर्मी' पट्ट्यात भरायचा आहे. गरज नाही काका, आता पट्टा कुणाला ओढणारच नाही, ती म्हणाली. मला भरायचाय, मी म्हटलं.

पट्टा बांधून बसलो. पहिल्यांदा लिहिलं, ऊर्मी. मी हसलो, पुन्हा लिहिलं. मनात उ म्हणत होतो, पेन 'उ'वर थांबवतही होतो, पण समोरच्या आलेखावर दिसत होतं की थांबण्याआधी बोटं शेपटीकडे निघालेलीच असतात. "काका, हात अजून 'ऊ'कडेच चाललाय," सानिया दर वेळी सांगायची, आणि तिच्या आवाजात कीव यायला लागली होती. एक वही संपली. लहानपणी गुरुजी चुकलेला शब्द शंभरदा लिहायला लावत, तसं माझं झालं. फरक इतकाच की मला चुकलेला शब्द चुकीचाच पक्का करायचा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी लिहिताना शब्दाकडे बघणं सोडून दिलं. उर्मी जीभ बाहेर काढून बसते तशी डोळ्यांपुढे आणली आणि लिहिलं. सानियानं मान हलवली. बोटं सैल होती.

मग पट्टा सोडला आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर जे लिहिलं ते दोन ओळींचं होतं, पण सत्तावीस वर्षं उशिराचं.

रविवारी सुनेत्रानं दार उघडलं खरं, पण उंबऱ्यातच उभी राहिली. माझ्यासाठी ताट वाढलं जाणार आहे की नाही, हे मला कळेना. उर्मी तिच्या कमरेआडून डोकावत होती, नेहमीसारखी धावत आली नाही. मी आधी तिला वही दिली. पानंच्या पानं उर्मी, उर्मी, उर्मी. मी तिला सांगितलं की तुझ्या आईनं तुझं नाव बरोबरच ठेवलंय, मला येत नव्हतं, आता शिकलो. तिनं दोन-तीन पानं उलटली आणि इथं तुम्ही चुकलात, इथंपण, असं बोट ठेवून दाखवायला लागली. चुकलो होतोच.

मग मी कागद सुनेत्राकडे दिला. पण तिच्या हातातून तो उर्मीनंच घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "सुनेत्रा, तुझं पत्र मिळालं. मी तुला घेउन..." ती थांबली. डोळे बारीक करून तिनं कागद जवळ धरला, माझ्याकडे बघितलं आणि सगळं अंग हलवून शिंकली. "आक्छी!"

सुनेत्रानं कागद तिच्याकडून काढून घेतला. 'मी तुला घेउन जायला यायला हवं होतं. चुकलो. बाबा.' तिनं ते वाचलं. तिची नजर त्या एका अक्षरावर अडली, बिनशेपटीच्या, आणि कितीतरी वेळ तिथंच राहिली.

"मुद्दाम?" तिनं विचारलं.

"मुद्दाम," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. कागदाची घडी घातली, उर्मीला म्हणाली, जा, आजोबांचं पान मांड. आणि दारातून बाजूला झाली.